वेगळे क्रम, एकच घडी: सामाईक आरएनए रचना शोधण्याच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

काम आजपासून सुरू. एकाच कुळातले अनेक आरएनए क्रम हाताशी असतील, तर त्या सगळ्यांना लागू पडणारी एकच दुय्यम रचना, म्हणजे साखळीतली कोणती अक्षरं (ए, सी, जी, यू) एकमेकांशी जोडी जमवून घडी घालतात याचा आराखडा, काढायची. शिवाय त्या रचनेतली प्रत्येक बेस-जोडी कशाच्या जोरावर लिहिली आहे, तेही तिच्या शेजारी नोंदवायचं. मला हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. रचना काढून देणारे प्रोग्रॅम पुष्कळ आहेत. पण चित्रात स्टेम (लागोपाठ जोड्यांची शिडी) दिसला की वाचणारा तो खरा धरून चालतो. तो स्टेम उत्क्रांतीनं जपलेला आहे की नुसता ऊर्जेच्या हिशेबात बसलाय, हे चित्रावरून कळत नाही.

एकट्या क्रमावर का भागत नाही, ते सुरुवातीलाच लिहून ठेवते. शक्य रचनांची संख्या लांबीबरोबर घातांकी वाढते, साधारण १.८ चा एन-वा घात. एवढ्या गर्दीतून सर्वांत कमी मुक्त ऊर्जेची, म्हणजे सर्वांत स्थिर, रचना झुकर आणि स्टिगलर यांच्या १९८१ च्या डायनॅमिक प्रोग्रॅमिंगनं (लहान तुकड्यांची उत्तरं जोडून मोठं उत्तर काढण्याची रीत) नेमकी सापडते, आणि झटपट सापडते. अडतं ते ऊर्जेच्या आकड्यांवर. ते प्रयोगशाळेत लहान तुकड्यांवर मोजलेले असतात. पेशीतली प्रथिनं, मॅग्नेशियम, रासायनिक बदल यांचा त्यात पत्ता नसतो. ७०० न्यूक्लिओटाइडपेक्षा लहान क्रमांत ही पद्धत माहीत असलेल्या जोड्यांपैकी सरासरी ७३ टक्के जोड्या बरोबर देते. पण ही सरासरी आहे. एखादा क्रम जवळजवळ अचूक घडतो आणि त्याच कुळातला दुसरा पार भलतीकडे जातो.

९ जानेवारी

चाचणीसाठी तीन कुळं ठरली: टीआरएनए (प्रथिन बनताना अमिनो आम्ल आणणारा), ५एस रायबोसोमल आरएनए (प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमचा एक लहान भाग) आणि प्युरीन रायबोस्विच (लहान रेणू चिकटला की जनुकाचं काम बदलणारा आरएनएचा तुकडा). आरफॅम या आरएनए-कुळांच्या संग्रहातून तिन्हींच्या सीड अलाइनमेंट (निवडक क्रम एकाखाली एक, जुळणाऱ्या जागा एकाच कॉलममध्ये) स्टॉकहोम फॉरमॅटमध्ये घेतल्या (आरएफ००००५, आरएफ००००१, आरएफ००१६७). तिन्हींच्या स्फटिकरचना (प्रयोगानं मोजलेल्या त्रिमितीय रचना) उपलब्ध आहेत, त्यामुळे उत्तर पडताळायला स्वतंत्र आधार आहे.

अनेक क्रमांची तुलना करून रचना काढायची ही कल्पना घडीचे प्रोग्रॅम येण्याआधीची आहे. १९६५ मध्ये रॉबर्ट हॉली यांच्या गटानं यीस्टच्या ॲलॅनिन टीआरएनएचा पूर्ण क्रम जाहीर केला. तो कसा घडी घालत असेल याचा विचार करताना एलिझाबेथ केलर आणि जॉन पेन्सविक यांनी क्लोव्हरलीफचा, म्हणजे तिपानी पानाच्या आकाराचा, आराखडा मांडला. एका क्रमावरून इतरही आराखडे निघत होतेच. पुढे आणखी टीआरएनएंचे क्रम हाती येत गेले आणि प्रत्येक नवा क्रम क्लोव्हरलीफमध्येच बसला, म्हणून तो टिकला. कार्ल वूस, हॅरी नॉलर आणि नंतर रॉबिन गटेल यांनी हीच पद्धत १६एस रायबोसोमल आरएनएवर वापरली. ई. कोलायमध्ये हा रेणू १,५४२ न्यूक्लिओटाइडचा आहे! २००० साली रायबोसोमच्या स्फटिकरचना आल्या आणि ताळा घेतला, तेव्हा तुलनेनं काढलेल्या जोड्यांपैकी ९७ टक्क्यांहून जास्त तिथे सापडल्या. ऊर्जेच्या गणितानं एवढ्या लांब रेणूवर असं यश कधी दिलेलं नाही. माझा सगळा भरवसा या एका आकड्यावर आहे.

१५ जानेवारी

दोन कॉलममधली परस्पर माहिती (एका कॉलमचं अक्षर कळल्यावर दुसऱ्याचं किती ओळखता येतं, हे बिटमध्ये सांगणारं माप) मोजणारा भाग लिहून झाला. खात्रीसाठी आठ क्रमांचं उदाहरण कागदावर सोडवलं. इथे तेच मांडते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

समजा, दोन कॉलममध्ये आठही क्रमांत जी-सी हीच जोडी आहे. परस्पर माहिती शून्य. जोडी कदाचित खरी असेल, पण हे कॉलम तसं काहीच सांगत नाहीत. बदलच नाही, मग सोबत बदलले का हा प्रश्नच उद्भवत नाही.

आता चार क्रमांत जी-सी आणि चारांत ए-यू. परस्पर माहिती १ बिट. एका बाजूला जी जाऊन ए आला, तर समोरचा सी जाऊन यू आला. याला भरपाई करणारा बदल म्हणतात. जोडी मोडली की स्टेम कमकुवत होतो, आणि समोरच्या बदलानं तो पुन्हा सांधला जातो. जी-सी, सी-जी, ए-यू, यू-ए अशा चारही जोड्या दोन-दोन क्रमांत आल्या तर २ बिट. चार अक्षरांच्या वर्णमालेत यापुढे जाताच येत नाही.

चौथं उदाहरण सर्वांत बोलकं आहे. चार क्रमांत जी-सी आणि चारांत जी-यू. दोन्ही जोड्या आरएनएत चालतात, म्हणजे एका बाजूला बदल होऊनही स्टेम शाबूत आहे. तरी परस्पर माहिती शून्यच येते, कारण डावा कॉलम सगळीकडे जी आहे. या मापाला रसायनशास्त्र कळत नाही. कोणती अक्षरं जुळतात हे त्याला माहीत नसतं, फक्त दोन कॉलम एकमेकांची चाहूल देतात का एवढंच ते पाहतं. याचा फायदाही आहे: नेहमीच्या नियमांत न बसणारी जोडी सोबत बदलत असेल, तर तीही त्याला दिसते.

१७ जानेवारी

टीआरएनएच्या अलाइनमेंटवर पहिला रन. क्लोव्हरलीफचे चारही स्टेम परस्पर माहितीच्या नकाशात तिरक्या रेषांसारखे ठळक उठून आले. पण पार्श्वभूमीवर फिकट ठिपकेही बरेच आहेत. वंशावळीचा परिणाम: जवळच्या नात्यातले क्रम सगळेच कॉलम एकत्र वारशानं घेतात, त्यामुळे ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही असे कॉलमही सोबत बदलल्यासारखे दिसतात. सरासरी-गुणाकार दुरुस्ती लावली. प्रत्येक कॉलमची सर्वसाधारण पार्श्वभूमी त्यातून वजा होते. नकाशा बराच स्वच्छ झाला.

२२ जानेवारी

आता ऊर्जा आणि सहबदल (जोडीच्या दोन कॉलमांचं सोबत बदलणं) एकत्र आणायचे. आरएनएॲलीफोल्ड या प्रोग्रॅमची रीत डोळ्यांसमोर आहे. होफाकर, फेकेटे आणि श्टाडलर यांनी ती २००२ मध्ये मांडली. तत्त्व सरळ आहे: अलाइनमेंट एकच लांब क्रम असल्यासारखी घडवायची. प्रत्येक लूपची (जोड्यांनी वेढलेल्या भागाची) ऊर्जा म्हणजे सगळ्या क्रमांवरची सरासरी. त्यात जोडीनिहाय सहबदलाचं बक्षीस मिळवायचं, आणि जिथे काही क्रमांत जोडी जमतच नाही तिथे दंड लावायचा. दर दोन क्रमांची तुलना करताना एका बाजूचा सुसंगत बदल एक गुण मिळवतो, दोन्ही बाजूंचा दोन. म्हणजे जी-सीची जी-यू झाली तर इथे तिची दखल घेतली जाते. परवाच्या चौथ्या उदाहरणातली उणीव इथे भरून निघते. २००८ च्या सुधारित आवृत्तीत या ठोकळ गुणांऐवजी रायबोसम मॅट्रिक्स वापरता येतात. ते खऱ्या रायबोसोमल अलाइनमेंटवरून बनवलेले असल्यामुळे कोणती अदलाबदल किती अपेक्षित आहे हे त्यांत उतरलेलं असतं.

ऊर्जेचा एक नमुना हातानं तपासला. हेअरपिन (एक स्टेम आणि टोकाला लूप) जी-जी-सी-ए-सी, मग यू-यू-सी-जी लूप, मग जी-यू-जी-सी-सी. डॉट-ब्रॅकेटमध्ये (कंसांची जोडी म्हणजे बेस-जोडी, ठिपका म्हणजे जोडी नसलेलं अक्षर):

(((((....)))))

शेजारच्या जोड्यांच्या चार थरांची ऊर्जा टर्नरच्या तक्त्यानुसार −३.३, −३.४, −२.१ आणि −२.२, बेरीज −११.० किलोकॅलरी प्रति मोल. चार अक्षरांचा लूप उघडा ठेवण्याची किंमत ५.६. त्यातून या खास लूपला स्थैर्याची सूट मिळते. प्रोग्रॅमचे आकडे जुळले.

ऊर्जा आणि सहबदल यांचं प्रमाण किती ठेवायचं, हा मात्र निव्वळ निवडीचा भाग आहे, आणि मला तो खटकतो. एक मोजमाप भौतिक, दुसरं सांख्यिकी. दोन्हींची बेरीज करून जी रचना निघते, तिच्यातून कुणाचा वाटा किती होता ते नंतर वेगळं काढता येत नाही. म्हणून ठरवलं: रचना काढायला बेरीज वापरायची, पण अहवालात दोन्ही आकडे स्वतंत्र छापायचे.

२९ जानेवारी

माणसाच्या मायटोकॉन्ड्रियातला लायसिन टीआरएनए एकटा घडवून पाहिला. क्लोव्हरलीफ येतच नाही, लांबुळका हेअरपिन येतो. यात प्रोग्रॅमला दोष देता येणार नाही. १९९८ मध्ये प्रयोगांतून दिसलं होतं की रासायनिक बदल नसलेला हा रेणू खरोखरच तशी लांब घडी घालतो. ९ व्या जागेवरच्या ॲडेनिनला एक मिथिल गट लागला की त्याची ६४ व्या यू सोबतची जोडी अशक्य होते आणि रेणू क्लोव्हरलीफकडे वळतो. सगळी उलथापालथ एका मिथिल गटामुळे! क्रमाच्या अक्षरांत हा मिथिल गट दिसत नाही, त्यामुळे ऊर्जेचं गणित कितीही सुधारलं तरी ते इथवर पोचणार नाही.

तोच क्रम इतर टीआरएनएंच्या अलाइनमेंटमध्ये ठेवून घडवला आणि क्लोव्हरलीफ आला. बाकीच्या क्रमांना तो हेअरपिन परवडत नाही, म्हणून तो मागे पडतो. मिथिल गटाबद्दल काहीही माहीत नसताना उत्तर बरोबर निघालं, कारण उत्क्रांतीनं ज्या घडीवर निवड केली, ती घडी मिथिल लागलेल्या रेणूची होती. एका चाचणीतून या प्रकल्पाचं समर्थन यापेक्षा चांगलं मिळालं नसतं.

४ फेब्रुवारी

आजची नोंद लांब होणार. आतापर्यंत अलाइनमेंट तयार मिळत होती. आरफॅमच्या सीडवर जाणकारांनी रचना लक्षात घेऊन हात फिरवलेला असतो. नव्या कुळासाठी ती आयती मिळणार नाही. म्हणून तेच क्रम विस्कटून, फक्त अक्षरांच्या साम्यावर चालणाऱ्या अलाइनरनं पुन्हा जुळवले, आणि ५एसच्या नात्यानं दूरच्या क्रमांत स्टेम फाटायला लागले.

नेमकं काय होतं ते लहान नमुन्यावर पाहिलं. तीन क्रम घेतले. पहिला वरचाच हेअरपिन. दुसरा जी-ए-सी-जी-सी, तोच लूप, जी-सी-जी-यू-सी. तिसरा सी-जी-यू-ए-सी, पण लूप पाच अक्षरांचा, यू-यू-यू-सी-जी, आणि मग जी-यू-ए-सी-जी. तिघांतही पाच जोड्यांचा स्टेम बिनचूक जमतो. बरोबर जुळणीत पहिल्या दोघांच्या लूपमध्ये एक-एक रिकामी जागा पडायला हवी. पण अलाइनरला टोकाला जागा सोडणं स्वस्त पडतं, म्हणून तो ती शेवटी ढकलतो. तिसऱ्याचा उजवा हात एका कॉलमनं सरकतो आणि समोरासमोर येतात सी-सी, जी-ए, यू-यू, ए-जी. पाचांपैकी चार जोड्या गेल्या. पाचवी सी-जी उरते तीही योगायोगानं, कारण तिथला जी लूपचा आहे.

खरा चटका पुढे आहे. ज्या क्रमात सर्वांत जास्त भरपाईचे बदल आहेत, म्हणजे ज्याच्याकडे पुरावा सर्वांत भक्कम आहे, तोच सरकतो. अक्षरं जुळत नाहीत म्हणून अलाइनर गोंधळतो, आणि आपल्याला हवी असतात नेमकी ती न जुळणारी अक्षरं. क्रम अगदी सारखे असतील तर जुळणी उत्तम पण पुरावा नाही. फार वेगळे असतील तर पुरावा आहे पण तो चुकीच्या कॉलमांत विखुरलेला. क्रमांचं आपसातलं साम्य साधारण ५० ते ६० टक्क्यांच्या खाली गेलं की नुसत्या अक्षरांवरची जुळणी भरवशाची राहत नाही, हे तुलनात्मक चाचण्यांतून माहीत आहे. अनुभवही तोच आला.

डेव्हिड सँकॉफ यांनी १९८५ मध्ये यावर तत्त्वतः पूर्ण उत्तर दिलं: जुळणी आणि घडी एकाच वेळी सोडवा. अडचण खर्चाची. दोन क्रमांसाठी वेळ लांबीच्या सहाव्या घातात आणि मेमरी चौथ्या घातात वाढते. १२० अक्षरांच्या दोन ५एस क्रमांसाठी हिशेब केला तर सुमारे ३ लाख कोटी पायऱ्या आणि २० कोटींवर खणांचा तक्ता. दोनाचे तीन क्रम केले की घात सहावरून नऊ होतो. तेव्हा मूळ रूपात ते वापरणं शक्य नाही.

७ फेब्रुवारी

लोकार्ना हा प्रोग्रॅम बसवला. सँकॉफचाच विचार, पण आधी प्रत्येक क्रमाच्या जोड्यांच्या संभाव्यता मॅकॅस्किल यांच्या १९९० च्या पद्धतीनं काढायच्या आणि नगण्य संभाव्यतेच्या जोड्या सोडून द्यायच्या. त्यामुळे वेळ चौथ्या घातावर आणि मेमरी वर्गावर येते. माझ्या लहान नमुन्यात रिकाम्या जागा लूपमध्ये गेल्या आणि पाचही जोड्या परत मिळाल्या. ५एसचे फाटलेले स्टेमही बरेचसे सांधले गेले.

एक सावधगिरी इथेच लिहून ठेवते. रचना गृहीत धरून जुळवलेल्या अलाइनमेंटवर पुन्हा रचनेचा पुरावा मोजला, तर वर्तुळ पूर्ण होतं. जुळणीनंच जोड्या समोरासमोर आणून ठेवलेल्या असतात. पुराव्याचा आकडा छापताना जुळणी कोणत्या रीतीनं केली हे अहवालाच्या पहिल्या ओळीत यायलाच हवं.

१० फेब्रुवारी

रचना-संवर्धन निर्देशांक जोडला: सामाईक रचनेची ऊर्जा भागिले एकेकट्या क्रमांच्या किमान ऊर्जांची सरासरी. एकच्या जवळ आला की छान, असा समज आहे. जवळजवळ एकसारख्या क्रमांवर तो आपोआपच एकच्या जवळ येतो. म्हणून त्याच्या शेजारी क्रमांचं सरासरी साम्यही छापायचं.

१४ फेब्रुवारी

प्युरीन रायबोस्विच. तीन स्टेम, पी१, पी२, पी३, एका तिठ्यावर भेटतात, आणि त्या तिठ्यात ग्वानिन किंवा ॲडेनिनचा रेणू बसतो. बॅसिलस सबटिलिसच्या एक्सपीटी जनुकाजवळचा नमुना घेतला तर ७४ व्या जागेवर सी असतो आणि तो ग्वानिनशी जोडी जमवतो. तिथे यू असेल तर ॲडेनिन बसतं. एका अक्षरावर एवढी निवड ठरते, आणि कुळात दोन्ही प्रकारचे क्रम सापडतात.

तिन्ही स्टेम स्वच्छ आले, पी१ मध्ये भरपाईचे बदल भरपूर. पण या रेणूची खरी खुबी पी२ आणि पी३ च्या टोकांना आहे. दोन्ही लूप एकमेकांना चिकटतात, ३७ वा जी ६१ व्या सी शी आणि ३८ वा जी ६० व्या सी शी जोडी करतो. २००४ च्या स्फटिकरचनांत हे लख्ख दिसतं. माझ्या प्रोग्रॅमला ते दोन कारणांनी दिसत नाही. पहिलं अपेक्षितच होतं: अशा जोड्या पी२ आणि पी३ च्या जोड्यांना ओलांडतात, आणि डायनॅमिक प्रोग्रॅमिंगच्या या मांडणीत फक्त एकात एक बसणारे कंस चालतात. दुसरं कारण जास्त विचार करायला लावतं. ही बंधनं बाजूला ठेवून थेट परस्पर माहितीचा नकाशा पाहिला, तरी तिथे संकेत फिका आहे, कारण ही अक्षरं जवळजवळ सगळ्या क्रमांत तीच आहेत. जोडी इतकी मोलाची की ती बदललीच नाही, आणि बदलली नाही म्हणून सहबदलाला तिच्याबद्दल बोलता येत नाही.

म्हणजे शून्य सहबदलाचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात, एक तर तिथे जोडीच नाही, किंवा जोडी आहे पण ती बदललीच नाही, आणि दोन्हींचा आकडा एकच.

२१ फेब्रुवारी

मग संकेत योगायोगापेक्षा जास्त आहे हे कशावरून ठरवायचं? तुलनेला रचना नसलेली अलाइनमेंट हवी. कॉलम नुसते फेटले तर वंशावळ तशीच राहते, पण कॉलमांचा शेजार मोडतो आणि थरांची ऊर्जा बदलते. एकेका क्रमाची अक्षरं फेटायची तर निदान शेजारच्या अक्षर-जोड्यांचं प्रमाण जपावं लागतं, कारण थरांची ऊर्जा त्यावरच ठरते. सहबदलासाठी आर-स्केप या प्रोग्रॅमची रीत मला पटली: अलाइनमेंटवरून वंशवृक्ष काढायचा, त्याच वृक्षावर प्रत्येक कॉलम स्वतंत्रपणे बदलत गेला असं धरून कृत्रिम अलाइनमेंट तयार करायच्या, आणि खरा आकडा त्यांच्याशी ताडून पाहायचा. वंशावळीमुळे येणारा भास दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून तो वजा होतो.

रिव्हास, क्लेमंट्स आणि एडी यांनी २०१७ मध्ये ही कसोटी हॉटएअर, एसआरए आणि झिस्टचा रेपए भाग या लांब आरएनएंच्या प्रस्तावित रचनांना लावली. जपलेल्या रचनेला सांख्यिकी आधार मिळाला नाही. त्या रचना आधी चित्रांसकट छापल्या गेल्या होत्या, आणि चित्रं पाहून कुणालाही त्या पक्क्या वाटल्या असत्या. पहिल्या दिवशी जे लिहिलं त्यामागे हेच उदाहरण होतं.

२६ फेब्रुवारी

शून्य सहबदलाच्या पेचावर मार्ग आहे, आणि तोही रिव्हास यांच्याच गटाच्या २०२० च्या कामात. जोडीच्या दोन कॉलममध्ये वंशवृक्षावर एकूण किती बदल झाले ते मोजायचं. त्यावरून, ही जोडी खरी असती तर सहबदल दिसण्याची शक्यता किती होती याचा अंदाज बांधता येतो. बदल भरपूर झालेत आणि सहबदल नाही, तर तो जोडीविरुद्धचा पुरावा. बदलच नाहीत, तर निकाल राखून ठेवायचा.

त्यामुळे अहवालात प्रत्येक जोडीला चारपैकी एक शेरा: आधार आहे, सुसंगत पण आधार नाही, बदल अपुरे, विरोधात. "बदल अपुरे" साठी राखाडी रंग घेतला आणि तो मुद्दाम ठळक ठेवला. फिका ठेवला तर डोळा त्याच्यावरून घसरतो आणि जोडी पक्की समजली जाते.

५ मार्च

५एसचा पूर्ण अहवाल निघाला. पाचही स्टेम योग्य जागी. जिवाणूंच्या ई लूपमध्ये मात्र सलग जोड्या असूनही त्या वॉटसन-क्रिक (जी-सी, ए-यू) प्रकारच्या नाहीत. ऊर्जेच्या भागाला तिथे फक्त मोकळा लूप दिसतो आणि कंसांच्या ओळीत नुसते ठिपके येतात. ते चुकीचं म्हणता येणार नाही, पण अपुरं आहे. तिथे "प्रमाण जोडी नाही" असा शेरा हातानं घातला, स्वयंचलित करायला वेगळे मॅट्रिक्स लागतील.

११ मार्च

लूप-लूप जोड्यांसाठी दुसरी फेरी जोडली. पहिल्या फेरीत एकात एक बसणारी रचना काढायची, मग उरलेल्या, "विरोधात" शेरा नसलेल्या ओलांडणाऱ्या जोड्या तिच्यावर स्वतंत्र थर म्हणून चढवायच्या. डॉट-ब्रॅकेटमध्ये त्यांना चौकोनी कंस. रायबोस्विचवर ३७-६१ आणि ३८-६० या जोड्या अहवालात आल्या, राखाडी रंगात, "बदल अपुरे" शेऱ्यासह. स्फटिकरचना हाताशी आहे म्हणून त्या हिरव्या ("आधार आहे") करण्याचा मोह होतो. करणार नाही. हा अहवाल क्रमांवरून काय कळतं एवढंच सांगतो, आणि उद्या ज्याची स्फटिकरचना नाही असं कूळ आलं तरी शेऱ्याचा अर्थ तोच राहिला पाहिजे.

पुढचं काम: सीडमधल्या मोजक्या क्रमांवर न थांबता इन्फर्नल या शोध-प्रोग्रॅमनं जिनोममधून दूरचे नातेवाईक शोधायचे आणि अलाइनमेंट वाढवायची. दूरच्या क्रमांत या जागा बदललेल्या सापडल्या, तर राखाडी जोड्यांचा निकाल एका बाजूला लागेल. शोध रात्रभर चालायला लावला आहे.